चार ओळींत उरकलेली गोष्ट

या सदराकडे आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारा २५ वर्षांचा, मूळ मराठवाड्यातल्या एका खेड्यातला. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यापासून गेली दोन वर्षं तो ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या एका उंच गृहप्रकल्पावर साइट इंजिनिअर आहे. हातात २४ हजार येतात, त्यातले सहा हजार घरी जातात. कळव्याला तिघांत एक खोली. सकाळी आठला साइट, सुटायची वेळ ठरलेली नाही, आणि स्लॅब असला की रात्र तिथेच. खोलीतला एकजण त्याच्याच वर्गातला. तो आयटीत शिरला, ऐरोलीला जातो, पगार दुप्पट आणि शनिवार-रविवार सुट्टी. गावाकडून वडील म्हणतात, हे सोड, पुण्याला जा, एमपीएससीची तयारी कर, लागलं तर एकरभर रान विकू. मुलाचं दुखणं असं की चार वर्षं शिकून आपण मुकादम झालो: मजूर मोजायचे, गाड्या मोजायच्या, ग्रुपवर फोटो टाकायचे. साइट, आयटी की सरकारी नोकरी, हा त्याचा प्रश्न. पत्राच्या अगदी शेवटी तो लिहितो की मध्यंतरी साइटवरचं क्यूब फोडायचं, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायचं, मशीन दहा दिवस बंद होतं, तेव्हा वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्याने एका स्लॅबचे सात दिवसांचे आकडे अंदाजाने रजिस्टरमध्ये भरले आणि खाली सही केली. ‘सगळीकडे असंच चालतं म्हणतात. तसं असेल तर मी कुठेही गेलो तरी काय फरक पडतो, मॅडम?’

प्रिय मित्रा,

तुझ्याएवढा माझा मुलगा आहे, म्हणून ‘तू’च म्हणते.

तुझ्या साडेतीन पानांतली तीन पानं पगार, मित्र, वडील आणि परीक्षा यांच्यावर गेली आहेत आणि रजिस्टरची गोष्ट तू चार ओळींत उरकली आहेस. पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा वाटलं की तुझी झोप उडाली आहे ती या चार ओळींनी, आणि नोकरी बदलायची घाईही निम्मी तिथूनच आलेली आहे. म्हणून मी सुरुवात तिथूनच करते. पुढचे दोन-तीन परिच्छेद सदराच्या दिवसापर्यंत थांबवण्यासारखे नव्हते, ते मी तुला आधीच कळवले. इथे पुन्हा लिहिते, कारण तुझ्याच जागी उभी असलेली बरीच मुलं-मुली हे वाचत असतील.

जे या कामात नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगते की स्लॅब भरताना त्याच काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे, म्हणजेच क्यूब, भरून पाण्यात ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी मशीनवर फोडून बघतात. किती भारावर ठोकळा फुटला यावरून वरच्या स्लॅबची ताकद कळते. किती ठोकळे घ्यायचे हे मनावर नसतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ते लिहिलेलं आहे. तुझा स्लॅब १२० घनमीटरचा म्हणतोस. पहिल्या ५० घनमीटरना चार नमुने, मग पुढच्या प्रत्येक ५० किंवा त्याहून कमी भागाला एकेक. म्हणजे सहा नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, झाले अठरा. हे फक्त २८ दिवसांच्या चाचणीसाठी. सात दिवसांचे त्याहून वेगळे.

आता तू अंदाजाने भरलेल्या आकड्याचं पुढे काय झालं ते बघ. तूच लिहिलं आहेस की आठव्या दिवशी शटरिंगच्या, म्हणजे स्लॅबच्या साच्याच्या, ठेकेदाराने रजिस्टर बघून प्रॉप, म्हणजे खालचे टेकू, काढायला सुरुवात केली. म्हणजे तुझ्या हातचा आकडा फाइलमध्ये जाऊन बसला नाही, त्याच्यावर कोणीतरी टेकू काढले. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) प्रॉप सात दिवस, त्याच्यावरच्या गाळ्याला चौदा, हे मानक तू शिकला आहेस. तुझ्या हॉलचा गाळा किती आहे? आणि वर लगेच पुढच्या मजल्याचं शटरिंग चढलं असेल, सळई चढली असेल, तिचं वजन कोणी घेतलं? मला वाटतं स्लॅब ठीक असेल. खालच्या मजल्यांना पुन्हा टेकू दिलेले असतात, आरएमसीचं, म्हणजे प्लांटवरून तयार येणारं, काँक्रीट सहसा सांगितल्यापेक्षा थोडं वरचंच येतं. पण ‘वाटतं’ हा शब्द चालू नये म्हणूनच तर क्यूब भरतात.

तर या आठवड्यात करायच्या गोष्टी या. हे लिहिते तेव्हा त्या स्लॅबला चाळीस दिवस होऊन गेलेत, आणि २८ दिवसांचे क्यूब फोडले का, याबद्दल तुझ्या पत्रात एक शब्द नाही. आधी टाकी बघ. क्यूब असतील तर ते बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाऊ देत आणि जितक्या दिवसांचे असतील तितकंच वय लिहू दे. चाळीसचे अठ्ठावीस करायचे नाहीत. क्यूब नसतीलच तर स्लॅब न फोडता रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणीने अंदाज येतो, आणि तरीही शंका उरली तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना, कापून काढता येतो. कमीत कमी तीन कोअर, त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांखाली नाही, अशी अट आहे. हे काही जगावेगळं नाही, साइटवर नेहमी होतं.

रजिस्टरमधली नोंद खोडायची तर एकच आडवी रेघ, जुना आकडा वाचता यायला हवा, शेजारी खरं कारण, सही, आजची तारीख. व्हाइटनर नको, पान फाडणं तर मुळीच नको. आणि वरिष्ठांना लेखी कळव. भांडायच्या सुरात नको, साधं लिही: ‘सर, अमुक तारखेच्या स्लॅबची ७ दिवसांची चाचणी मशीन बंद असल्यामुळे झाली नव्हती. रजिस्टरमधले आकडे मी अंदाजाने लिहिले होते, ते दुरुस्त करत आहे. २८ दिवसांचे उरलेले क्यूब बाहेर तपासायला पाठवायची परवानगी हवी.’ यात ‘तुम्ही सांगितलंत’ हे शब्द मी मुद्दाम घातलेले नाहीत. सांगणारा कोणी असला तरी सही तुझी आहे, आणि ती दुरुस्त करायचा अधिकारही तुझाच आहे.

सगळं गोड होईल असं मी म्हणत नाही. तुझे साहेब चिडतील, कदाचित महिनाभर तुला स्टोअरमध्ये बसवतील. फार वाईट झालं तर नोकरी जाईल. पण बऱ्याच साहेबांना अशा वेळी मनातून हायसं वाटतं, हेही मी पाहिलं आहे. त्यांच्यावरही वरून तारखेचा दट्ट्या असतो आणि खालून कोणीतरी लेखी मागितलं की त्यांनाही वर बोलायला कागद मिळतो.

१९८८ साली मी तुझ्या जागी होते. नवी मुंबईतल्या एका नोडमध्ये, म्हणजे वसाहतीत, चार मजली इमारतींचं काम होतं. वरच्या मजल्याचा स्लॅब, रात्रीचे नऊ, मिक्सर चालू. सळई शटरिंगपासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक खाली नव्हते. कोणी विटेचे तुकडे सरकवले होते, कुठे तेही नाही, आणि माणसं वरून ये-जा करून जाळी शटरिंगला टेकलेली. तेव्हाच्या मानकाप्रमाणे स्लॅबच्या सळईला १५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं होतं. मी थांबवायला गेले तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, मॅडम, खालून प्लास्टर होणारच आहे. मला नोकरीला सहा महिने झाले होते, साइटवर मी एकटी बाई होते, आणि काम थांबवलं तर उद्या सगळे काय म्हणतील याचीच भीती जास्त होती. मी सही केली. अकरा वर्षांनी दुरुस्तीच्या पाहणीसाठी मला ज्या इमारतींत पाठवलं त्यात ती इमारत निघाली. वरच्या घरात छताला गंजाच्या तांबूस रेघा उमटलेल्या होत्या, एकसारख्या अंतरावर, वहीला आखाव्यात तशा. माझ्या सळया मला खालून मोजता येत होत्या. त्या घरातली बाई शिवणकाम करायची. छताचा पाटाएवढा तुकडा रात्री तिच्या मशीनवर पडला होता, मशीनचं चाक वाकलं होतं. दिवसा ती तिथेच बसते. ती मला म्हणाली, बांधणाऱ्यांना काही वाटत नसेल का हो? मी तिला सांगितलं नाही की त्या रात्री मी तिथे होते. आज सदतीस-अडतीस वर्षांनंतरही ती सही कशी केली होती, पेन कुठलं होतं, मला आठवतं.

खाडीकाठच्या आपल्या गावांना खारी हवा आहे, इथे निष्काळजीपणा लवकर वर येतो. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा. त्याच्या आतल्या ताणलेल्या केबल्सना काही वर्षांतच गंज लागला, आणि १९९७ साली शेजारी दुसरा पूल आला. काँक्रीटच्या आत जे जातं ते पुन्हा दिसत नाही. ते जाताना तिथे उभा असलेला माणूस एकच असतो.

यावरून तुझ्या ‘मुकादम’ शब्दाकडे येते, कारण तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात न पटलेलं वाक्य ते आहे. एक तर मुकादमाचं काम हलकं नाही. चांगला मुकादम तुला जे शिकवेल ते तुझ्या कॉलेजात कोणाला येत नव्हतं. पण तुझ्या म्हणण्यामागे असं गृहीत आहे की खरं इंजिनिअरिंग म्हणजे एसीत बसून केलेलं डिझाइन आणि साइट म्हणजे नुसती हमाली. तू दोन वर्षांत विसरला असशील, पण ज्या नवी मुंबईत तुझा मित्र रोज जातो ती आधी १९६५ च्या सुमारास तिघांनी कागदावर मांडली. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे वास्तुविशारद, आणि तिसरे शिरीष पटेल, ते स्थापत्य अभियंता होते. त्याच वर्षी मुंबईत केम्प्स कॉर्नरला उभा राहिलेला उड्डाणपूलही त्यांच्याच डिझाइनचा. विचार करणं आणि उभं करणं या दोन वेगळ्या जाती नाहीत.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. रात्री अकरा. घोडबंदर रोडवर गायमुखला ट्रॅफिक तुंबलंय, आरएमसीची गाडी प्लांटवरून निघून दोन तास होत आले. गाडी साइटवर येते, स्लम्प पडलेला, म्हणजे माल घट्ट झालेला, पंपवाला ओरडतोय, ड्रायव्हर पाण्याचा पाइप हातात घेऊन उभा. पाणी घातलं तर माल सरसर जाईल, सगळे खूश. पाणी-सिमेंट प्रमाण वाढलं की ताकद उतरते, हे दुसऱ्या वर्षाच्या पेपरात तू लिहिलं होतंस. त्या क्षणी डिझाइन करणारे साहेब झोपलेले असतात. वीस वर्षांनी त्या घरात राहणारं कुटुंब अजून कुठेतरी भाड्याने राहत असतं. तिथे इंजिनिअर म्हणून एकटा तू असतोस. गाडीची पावती बघून प्लांटमधून निघाल्याची वेळ वाचायची, स्लम्प घ्यायचा, माल पुन्हा सैल करणारं अ‍ॅडमिक्स्चर चालेल का ते प्लांटच्या क्वालिटीवाल्याला फोन करून विचारायचं, नाहीतर गाडी परत पाठवायची. चार वर्षांचं शिक्षण याच दहा मिनिटांत वापरायचं असतं. तू ते वापरत नसशील, तर त्याचं कारण साइट नाही. तुला कोणी वापरायला सांगितलं नाही आणि तूही मागितलं नाहीस.

म्हणून पुढचे सहा महिने तू नोकरी बदलू नयेस असं माझं मत आहे, एका अटीवर, ती पुढे सांगते. या सहा महिन्यांत स्वतःची एक वही कर, कंपनीच्या अहवालापासून वेगळी. प्रत्येक स्लॅबचं काँक्रीट आधी स्वतः मोज आणि गाड्यांशी ताळा घाल. फरक पडला तर तो कुठे गेला ते शोध. सळईचं मीटरमागचं वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे सूत्र तुला तोंडपाठ असेल. त्यावरून आलेली सळई, लागलेली सळई आणि भंगार यांचा हिशेब तू एकदा स्वतः जुळवलास की बिलिंगच्या खोलीतली माणसं तुला वेगळ्या नजरेने बघायला लागतील. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचा हूक १३५ अंशांत वळवलेला आहे की ९० वर सोडून दिलाय, हे कॉलमपाशी वाकून बघ, आणि तो का वळवतात हे बारबेंडरला समजावून सांग. तुला नीट सांगता आलं तरच तुला ते कळलंय. ड्रॉइंगमधलं जे कळत नाही त्यावर पेन्सिलने खूण कर आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा माणूस भेटीला आला की चहाच्या वेळी विचार. आधारापाशी वरची सळई का वाढवली आहे, हे मला एका पावसाळ्यात पत्र्याच्या ऑफिसात एका साहेबांनी सिगारेटच्या पाकिटावर काढून दाखवलं होतं. वर्गात तीन तासांत जे डोक्यात गेलं नव्हतं ते तेव्हा गेलं.

अट अशी की रजिस्टरचा प्रश्न मांडल्यावर साइटवरचं वातावरण बघ. एकदा चुकलं, दुरुस्त केलं, मशीन नीट झालं, तर तिथे राहण्यासारखं आहे. पण ‘पुढच्या वेळीही असंच कर’ असं उत्तर आलं तर सहा महिने विसर आणि दुसरी नोकरी बघायला लाग. खिशात तीन महिन्यांचा खर्च नसेल तर घरी पाठवायचे सहा हजार काही काळ तीन कर. वडिलांना कारण सांगितलंस तर ते नाही म्हणणार नाहीत. ठाणे आणि नवी मुंबईत सध्या काम कमी नाही. वडाळा-कासारवडवलीची मेट्रो ४ तुझ्या साइटसमोरून जाते, ठाणे-बोरिवलीचे जुळे बोगदे आहेत, शीळफाट्याकडून बुलेट ट्रेनचा बोगदा खाडीखालून जातो आहे. मोठ्या सार्वजनिक कामांवर कंत्राटदार, सल्लागार आणि मालक अशा तिघांच्या तपासण्या असतात. तिथेही तारखेचा दबाव असतो, पण निदान चाचणी कोण बघतं हे ठरलेलं असतं. दोन वर्षांच्या अनुभवावर प्रकल्प सल्लागार कंपनीत किंवा क्वालिटी विभागात जाता येतं. इमारती सोडून एकदा दुसऱ्या प्रकारचं काम बघणं तुझ्या वयात चांगलंच.

आता आयटी. मित्राचा पगार दुप्पट आहे, हे खरं आहे आणि तुला त्याचं वाटणारं दुखणं खोटं नाही. या क्षेत्रात सुरुवातीचा पगार कमी आहे, तास बेहिशेबी आहेत, आणि हे चूक आहे असंच मी म्हणेन. तरुण मुलं ‘शिकतोय’ म्हणून किती वर्षं राबवायची याला काही मर्यादा हवी. पण तू पत्रात एकदाही लिहिलं नाहीस की तुला संगणकाचं काम आवडतं. आवडत असेल तर खुशाल जा, त्यात हार नाही. नुसता एसी आणि शनिवार हवा असेल तर आपल्याच क्षेत्रात बिलिंग, प्लॅनिंग, बिमचं, म्हणजे संगणकावर इमारतीच्या प्रतिकृतीचं, मॉडेलिंग अशी टेबलाची कामं आहेत, आणि साइट बघितलेल्या माणसाला तिथे जास्त मान असतो. ज्याने शटरिंग उभं राहताना पाहिलेलं नाही त्याच्या वेळापत्रकात स्लॅब नेहमी चार दिवसांत उतरतो. डिझाइनच करायचं असेल तर रस्ता एम.टेक.चा आहे, त्याच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो, तेव्हा एकदा परीक्षा देऊन ठेवायला हरकत नाही.

सरकारी नोकरीबद्दल जरा जास्त लिहावं लागेल, कारण तिथे तुझ्या वडिलांचं रान आहे. रान विकू नका. हे वाक्य त्यांना दाखव. राज्याच्या परीक्षांना खुल्या प्रवर्गालाही ३८ वर्षांपर्यंत वय चालतं, तू पंचविशीत आहेस. जाहिरात कधी निघेल, निकाल कधी लागेल, नेमणूक कधी हातात पडेल, याचा भरवसा नसतो, आणि पुण्यातल्या अभ्यासिकांत या अनिश्चिततेत पाच-सात वर्षं घालवलेली हुशार मुलं मी ओळखते. तयारी करायची तर नोकरीत राहून सुरू कर. अभियांत्रिकी सेवेच्या तांत्रिक पेपरात जे येतं त्यातलं कितीतरी तू साइटवर रोज हाताळतोस. नुसती एकच परीक्षा धरून बसू नकोस. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषदा, महापालिका, सिडको, सगळीकडे कनिष्ठ अभियंत्याच्या जागा वेगवेगळ्या निघतात. नोकरी सोडून अभ्यास करायचाच असेल तर किती प्रयत्न आणि कोणती तारीख, हे आधी वडिलांशी बोलून कागदावर लिही, आणि त्या तारखेला परत ये. साइटचे तास इतके आहेत की अभ्यास होणार नाही, असं तू म्हणशील. खरं आहे. म्हणून तर रविवार मागायचा. महिन्यातले दोन रविवार पक्के, स्लॅब असला तरी बदली माणूस, एवढं मागून बघ. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि दोन वर्षं मुरलेला माणूस गमावणं साइटला परवडत नाही, हे तुझ्या साहेबांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पण सरकारी खुर्चीत गेल्यावर तुझ्या टेबलावर काय येईल याचा विचार केला आहेस का? ठेकेदाराने भरून आणलेलं क्यूबचं रजिस्टर. मोजमाप पुस्तकावर तुझी सही लागेल, आणि समोर बसलेला माणूस म्हणेल, साहेब, सगळीकडे असंच चालतं. म्हणजे ज्या प्रश्नापासून तू निघालास तो तुझ्याआधी तिथे पोचलेला असेल.

‘सगळीकडे असंच चालतं’ हे खरंही नाही. माझ्या चौतीस वर्षांत मी असे प्रकल्प पाहिले जिथे क्यूब टाकीत घालताना प्रत्येकावर तारीख आणि मजला रंगाने लिहायचे आणि फोडताना दोघांच्या सह्या घ्यायचे. त्या साइटही वेळेत पुऱ्या झाल्या. आणि असंच चालू दिलं की शेवटी काय होतं, ते ठाण्याने पाहिलं आहे. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळची इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. ती इमारत बेकायदा होती, घाईघाईत चढवलेली. तुझ्या साइटची तिच्याशी बरोबरी मी करत नाही, तुझ्याकडे मंजूर नकाशा आहे, कन्सल्टंट आहे, चांगलं काँक्रीट आहे. पण त्या आठवड्यात मी तिथे गेले होते. ढिगाऱ्यातला काँक्रीटचा तुकडा हाताने चुरता येत होता. तेव्हापासून कोणी माझ्यासमोर हे वाक्य उच्चारलं की मला तो चुरा आठवतो.

राहता राहिला तुझा प्रश्न, कुठे गेलो तरी काय फरक पडतो. तुझ्या इमारतीत बाविसाव्या मजल्यावर जे राहायला येतील त्यांना पडतो. रेरा कायद्याने ताब्यानंतर पाच वर्षं संरचनेतल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर आहे, आणि तसं काही निघालं तर पहिल्यांदा जे कपाट उघडतील त्यात तुझं रजिस्टर असेल. त्या दिवशी तू मेट्रोवर असशील, आयटीत असशील किंवा कुठल्या तालुक्याच्या गावी कनिष्ठ अभियंता असशील.

वडिलांना एकदा ठाण्याला बोलव. उन्हाळ्यात रानात काम कमी असतं तेव्हा. सुरक्षा अधिकाऱ्याची परवानगी काढ, त्यांना हेल्मेट घाल, लिफ्टने वर ने आणि तू काय तपासतोस ते दाखव. मुलगा दिवसभर करतो काय, हे त्यांनी फोनवरच ऐकलं आहे, आणि फोनवर तू त्यांना फक्त थकव्याचं सांगतोस. विहीर बांधताना माणूस जवळ उभा का राहतो हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. सरकारी नोकरीचं बोलणं त्यानंतर, साइटवरून खाली उतरल्यावर कर.

काल रात्री तुझा निरोप मिळाला. साहेब आधी चिडले, मग दुपारी म्हणाले, बघ टाकीत किती आहेत. अकरा क्यूब सापडले, त्यातल्या आठांवरची तारीख वाचता येते. ते आठ आधी पाठव, उरलेले तीन वेगळे ठेव, त्यांच्यावर अंदाजाने तारीख घालू नकोस. नेताना ओल्या गोणपाटात गुंडाळ. क्यूब ओला असतानाच फोडायचा असतो, आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तो सुकायला वेळ लागत नाही.